खरखर थांबवायची कुणी?

ग्रो लाइट (घरात रोपं वाढवायचा दिवा) विरुद्ध हॅम रेडिओ (परवाना घेऊन छंद म्हणून चालवलेलं रेडिओ केंद्र) हा वाद इतक्यांदा झालाय की दोन्ही बाजूंचे संवाद आता पाठ झालेत. एक म्हणतो, मी परीक्षा देऊन परवाना मिळवलाय, माझ्या बँडवर, म्हणजे मला नेमून दिलेल्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, शेजाऱ्याच्या दिव्याने खरखर करायची नाही. दुसरा म्हणतो, दिवा माझा, खोली माझी, विजेचं बिल मी भरतो. बाजारात राजरोस मिळणारी वस्तू घेतली, यात माझा गुन्हा काय? मग कुणीतरी हॅम रेडिओ म्हणजे रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचा चाळा असं म्हणून मोकळा होतो, उलट बाजूने कुणीतरी ‘तुझ्या त्या खोलीत काय उगवतंय ते ठाऊक आहे’ असा टोमणा हाणतो, आणि मुद्दा राहतो बाजूला. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे दोघंही चुकीच्या माणसाशी भांडतायत. खरखर जन्माला येते ती कारखान्यात, दिव्याच्या ड्रायव्हरमधले (त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधले) दोन-तीन भाग गाळायचं कुणीतरी ठरवतो तेव्हा. तिचा बंदोबस्त तिथेच व्हायला हवा, किंवा फार तर दुकानाच्या काउंटरवर. शेजाऱ्याच्या दारात तो होत नाही, आणि तिथेच तो करू पाहणाऱ्या हॅम मंडळींनी स्वतःच्या बाजूचं बरंच नुकसान करून घेतलंय.

ही खरखर येते कुठून? जुना तंतूचा बल्ब रेडिओच्या दृष्टीने मुका होता. एलईडीला मात्र ठरावीक प्रवाहाची डीसी वीज लागते, आणि मेन्सच्या एसीतून ती बनवायचा सर्वांत हलका, कार्यक्षम मार्ग म्हणजे स्विचिंग सप्लाय. त्यातला ट्रान्झिस्टर सेकंदाला पन्नास हजार ते काही लाख वेळा चालू-बंद होतो. हे चालू-बंद होणं जितकं झटक्यात, तितकी वीज कमी वाया जाते. पण जितकं झटक्यात, तितके त्याचे हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या लहरी, वरवर चढत जातात. १०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या सप्लायची खूण २०० वर उमटते, ३०० वर उमटते, आणि अशी थेट ३० मेगाहर्ट्झपर्यंत उमटत राहते. रिसीव्हरच्या वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवार सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर, ती चटकन ओळखू येते: सारख्या अंतरावर एकेक धूसर पट्टा, आणि दिवा तापू लागला की सगळे पट्टे मिळून हळूहळू एका बाजूला सरकतात. हे सगळं हवेत फेकायला अँटेना लागतो, आणि तो घरात आयता मिळतो. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४२ मीटर. तिचा पाव भाग, म्हणजे साडेदहा मीटर, ही भिंतीतल्या वायरिंगची अगदी नेहमीची लांबी आहे.

सोडियमच्या ग्रो लाइटचं प्रकरण याहून वाईट. त्याचा जुना चुंबकीय बॅलास्ट (दिव्याचा प्रवाह आवरणारा भाग) जड, तापणारा, गुणगुणणारा, पण रेडिओला निरुपद्रवी. ‘डिजिटल’ म्हणून विकला जाणारा बॅलास्ट ६०० किंवा १००० वॅटच्या दिव्याला हजारो हर्ट्झची चौकोनी लहर पुरवतो, आणि बॅलास्टपासून दिव्यापर्यंत काही मीटर केबल लोंबकळत असते. हजार वॅटमधला लाखावा हिस्सा जरी निसटला तरी ते १० मिलिवॅट होतात, आणि दुसऱ्या खंडातली हाक ऐकायला बसलेल्या रिसीव्हरला एवढे पुरून उरतात. शिवाय हा दिवा पाच मिनिटं लावून विझवायचा नाही. रोपं वाढीला लागली की दिवसाचे १८ तास आणि फुलोऱ्याला आली की १२ तास, टायमरवर, रोज.

हॅम लोक ‘नॉइज वाढला’ म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, असेल थोडी कुरकुर. आकडा बघितला की अंदाज येतो. एस-मीटरवरचं (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचं) एक घर म्हणजे ६ डेसिबल. शांत संध्याकाळी एस-३ वर असणारा आवाज दिवा लागल्यावर एस-७ वर गेला, तर फरक झाला २४ डेसिबलचा, म्हणजे शक्तीत २५० पट. समोरचा १०० वॅटने बोलत असेल तर या गोंगाटात तो इथे ०.४ वॅटने बोलल्यासारखा ऐकू येतो. बरं, बोलणाऱ्याला याचा पत्ताच नसतो. त्याला इकडचं उत्तर स्वच्छ ऐकू येतं, इकडच्याला त्याचं नाही. मिक्सर सुरू असताना कुणी कानाशी कुजबुजावं, तसं.

आता ज्या दोन-तीन भागांबद्दल मी म्हणालो ते पाहा. गोंगाट करणाऱ्या स्वस्त दिव्याचा ड्रायव्हर उघडला तर मेन्सच्या तारा जिथे बोर्डवर येतात तिथे पुष्कळदा एक मजेशीर गोष्ट दिसते. बोर्डवर पांढऱ्या शाईने एका चोकची, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या तारेच्या गुंडाळीची, आकृती छापलेली असते, त्याचे चार पाय बसतील अशी चार छिद्रंही पाडलेली असतात. पण चोक नसतो. त्याच्या जागी दोन उघड्या तारांचे तुकडे डाखलेले असतात, इकडून तिकडे. शेजारी कपॅसिटरची जागा कोरीच. म्हणजे ज्या इंजिनिअरने हा बोर्ड आखला त्याला फिल्टर लागतो हे माहीत होतं, तो कसा करायचा हेही माहीत होतं, त्याने जागासुद्धा राखून ठेवली. नंतर कुणीतरी खर्चाच्या तक्त्यावर रेघ मारली. हे अज्ञान नाही, अपघातही नाही. हा निर्णय आहे, आणि तो ज्या घरात दिवा लागतो त्या घरातल्या माणसाने घेतलेला नाही. दिवा लावणाऱ्याला तर बोर्डवरची ती रिकामी जागा कधी दिसतही नाही.

विरुद्ध बाजूचे मुद्दे पोकळ आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. पहिला मुद्दा संख्येचा. जगभरात परवानाधारक हॅम मिळून सुमारे ३० लाख. एलईडी दिव्यांची मोजदाद कोण करणार? मूठभरांच्या छंदासाठी सगळ्यांच्या वस्तू महाग करायच्या का? दुसरा मुद्दा विजेचा. एलईडीने आणि स्विचिंग सप्लायने जेवढी वीज वाचवली तेवढी दुसऱ्या कुठल्या घरगुती बदलाने क्वचितच वाचवली असेल. तिसरा मुद्दा हॅम मंडळींना झोंबणारा आहे: कालपर्यंत शेजाऱ्यांच्या टीव्हीत तुम्हीच घुसत होतात. हे शंभर टक्के खरं आहे. टीव्हीच्या सुरुवातीच्या काही दशकांत हॅमने प्रेषणाची कळ दाबली की शेजारच्या पडद्यावर आडव्या पट्ट्या नाचायच्या, आणि ‘दोष तुमच्या सेटचा आहे’ हे त्याचं ठरलेलं उत्तर असायचं. चौथा मुद्दा तंत्रज्ञांचा: आजच्या डिजिटल पद्धती गोंगाटाच्या खाली दडलेला सिग्नलही शोधून काढतात, मग रडता कशाला?

आणि एक पाचवा, जो विरोधकांना सहसा सुचत नाही, म्हणून मीच देतो. पुष्कळदा गोंगाट करणारं उपकरण बेकायदा नसतंच. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नियमांतल्या भाग १५ मध्ये १.७०५ ते ३० मेगाहर्ट्झसाठी सर्वसाधारण मर्यादा आहे ३० मीटरवर ३० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर. ऐकायला नगण्य वाटते. पण ७ मेगाहर्ट्झचा पूर्ण आकाराचा डायपोल (साधा तारेचा अँटेना) त्या अंतरावर असेल तर एवढंसं क्षेत्र मीटरची सुई एस-९ च्या आसपास नेऊन ठेवू शकतं. म्हणजे ‘माझ्याकडे खरखर येते, सबब तुझा दिवा बेकायदा’ हे हॅमचं लाडकं अनुमान तर्काला धरून नाही. कायद्यालाही हे कळतं, म्हणूनच त्याने मर्यादेखाली दुसरी अट घातली आहे: उपकरण मर्यादेत असलं तरी त्याने घातक व्यत्यय आणला तर तो थांबवायची जबाबदारी वापरणाऱ्याची. मला घोळ दिसतो तो नेमका याच वाक्यात. त्यावर येतोच, पण आधी वरचे मुद्दे.

विजेचा मुद्दा लवकर निकालात निघतो, कारण त्यात गृहीत धरलेली निवडच खोटी आहे. कार्यक्षम सप्लाय आणि शांत सप्लाय यांत एकच काहीतरी मिळतं असं नाही. एक कॉमन-मोड चोक, मेन्सच्या दोन तारांमध्ये एक कपॅसिटर, जमिनीकडे जाणारे एक-दोन छोटे कपॅसिटर. यांच्यात वाया जाणारी वीज दिव्याच्या एकूण विजेपुढे किरकोळ असते. नीट बनवलेला लॅपटॉपचा अडॅप्टरही स्विचिंग सप्लायच आहे आणि त्याच्या शेजारी बसून आरामात रेडिओ ऐकता येतो. तेव्हा हॅमनेही ‘जुने बल्बच बरे होते’ हा सूर सोडावा. तो चुकीचा आहे, शिवाय समोरच्याच्या हातात कोलीत देणारा आहे.

संख्येचा मुद्दा जास्त गंभीर आहे. पण स्पेक्ट्रम डोकी मोजून वाटला जातो का? रेडिओ खगोलशास्त्रज्ञ जगात किती? हॅमच्या तुलनेत नगण्य. तरीही १९५९ च्या जिनिव्हा परिषदेत त्यांच्या कामाला अधिकृत सेवा म्हणून मान्यता मिळाली आणि अवकाशातल्या हायड्रोजनच्या लहरी जिथे ऐकू येतात त्या १४२० मेगाहर्ट्झभोवतीचा पट्टा त्यांच्यासाठी राखला गेला. का, तर एकदा तिथे कल्लोळ माजला की जे ऐकायचं राहून गेलं ते दुसऱ्या कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकता येणार नव्हतं. कार्ल जान्स्की या अमेरिकन इंजिनिअरचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब या टेलिफोन प्रयोगशाळेने त्याला काम दिलं होतं अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये येणाऱ्या खरखरीचा उगम शोधायचं. २०.५ मेगाहर्ट्झवर त्याला एक मंद फुसफुस सापडली जी रोज चार मिनिटं आधी परतायची, २३ तास ५६ मिनिटांनी. सूर्याचं घड्याळ २४ तासांचं, हे घड्याळ ताऱ्यांचं. फुसफुस येत होती आकाशगंगेच्या मध्याकडून. आज तोच प्रयोग एखाद्या निवासी वस्तीत केला तर? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीतली सूत्रं घेऊन हिशेब केला तर २० मेगाहर्ट्झच्या आसपास निवासी भागातला मानवनिर्मित गोंगाट आकाशगंगेच्या फुसफुशीपेक्षा सुमारे १४ डेसिबलने, म्हणजे पंचवीसपट जास्त निघतो. आणि त्या सूत्रांमागची मोजमापं स्विचिंग सप्लाय घराघरांत पोहोचण्यापूर्वीच्या काळातली आहेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हॅम हा काही या गोंगाटाचा एकमेव बळी नाही. तो फक्त सतत कान लावून बसलेला असतो म्हणून आधी ओरडतो. वेल्समधल्या अबरहोसान या छोट्या गावात दीड वर्षभर रोज सकाळी सातला गावाचं ब्रॉडबँड बसायचं. तारा बदलून झाल्या, फरक नाही. शेवटी इंजिनिअर स्पेक्ट्रम अनॅलायझर हातात घेऊन पहाटे गावात फिरले. सातच्या ठोक्याला एका घरातून विद्युत गोंगाटाचा लोट उठला: घरमालक रोज त्या वेळी आपला जुना टीव्ही लावायचा. २०२० मध्ये ही हकिकत बाहेर आली तेव्हा सगळे हसले, आणि तो बिचारा इतका खजील झाला की टीव्ही पुन्हा लावणार नाही म्हणाला. यात हॅम कुठेच नाही. गाव आहे, इंटरनेट आहे आणि एक सदोष उपकरण. ज्यांना हॅमच्या छंदाशी काही देणंघेणं नाही त्यांनी स्वतःचं इंटरनेट, गाडीतला मीडियम वेव्हचा रेडिओ, समुद्रावरच्या विमानांची शॉर्टवेव्हवरची बोलणी यांच्याकडे पाहावं. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणारं ब्रॉडबँड ज्या फ्रिक्वेन्सी वापरतं त्याच या दिव्यांच्या गोंगाटाने भरतात.

आता जबाबदारीचं वाक्य. ‘व्यत्यय थांबवायची जबाबदारी वापरणाऱ्याची’ हे कागदावर न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की ज्याने चोक गाळला तो नामानिराळा, ज्याने माल विकला तो नामानिराळा, आणि ज्याला चोक हा शब्दही माहीत नाही त्याच्या गळ्यात घोंगडं. अशा तरतुदीतून समोरासमोरच्या दारांत वैर तेवढं वाढतं. त्यातून ग्रो लाइटचा मालक. त्याने लावलेली तुळस असो, टोमॅटो असोत वा गांजा, आणि तो गांजा तिथे कायदेशीर असो वा नसो, हातात अँटेना घेतलेला अनोळखी माणूस दारात येऊन ‘तुमच्या आतल्या खोलीत रोज बारा तास चालणारा मोठा दिवा आहे ना?’ असं विचारू लागला, तर कोण त्याला चहा विचारेल? त्याने दार लावून घेतलं तर मी त्याला दोष देणार नाही. बंद भिंतीआड काय चाललंय हे बाहेरून ओळखता येणं ही हॅमला कौशल्याची गोष्ट वाटते, आतल्याला पाळत वाटते.

पूर्वी हे प्रश्न कसे सुटले? मोटारगाड्यांचं उदाहरण घ्या. प्रत्येक स्पार्क प्लगची ठिणगी म्हणजे एक छोटा प्रेषक. गाडी घरावरून गेली की टीव्हीच्या पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस. ब्रिटनने १९५२ मध्ये नियम केले की नव्या गाड्यांच्या इग्निशनमध्ये व्यत्यय दाबणारी योजना हवी. उपाय काय होता, तर उच्च दाबाच्या तारेत काही हजार ओहमचा रोध. गाडी चालवणाऱ्याला काही शिकावं लागलं नाही, टीव्ही बघणाऱ्याला रस्त्यावर उभं राहून गाड्या अडवाव्या लागल्या नाहीत. डायथर्मीची (रेडिओ लहरींनी शरीर शेकायची) यंत्रं आणि कारखान्यांतले रेडिओ-हीटर शॉर्टवेव्हवर धुमाकूळ घालायचे. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेने त्यांना १३.५६ आणि २७.१२ मेगाहर्ट्झसारख्या जागा आखून दिल्या, की काय गोंधळ घालायचा तो इथे घाला. आणि हॅमने हेही विसरू नये की या नियमांची पहिली झळ रेडिओवाल्यांनाच बसली होती. ठिणगीचे प्रेषक एकेकाळी हॅमचा अभिमान होते. ते एका फ्रिक्वेन्सीवर न राहता अख्ख्या बँडभर पसरायचे, म्हणून १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने त्यांच्यावर निर्बंध घातले. तेव्हाही जुन्या मंडळींनी नाकं मुरडलीच असणार. आजचा फिल्टर नसलेला दिवा म्हणजे, मुळात, परत आलेला ठिणगी-प्रेषकच.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही इथेच मिळतं. हॅमच्या प्रेषणाने टीव्ही बिघडायचे तेव्हा निम्मा दोष प्रेषकाच्या हार्मोनिकचा असायचा आणि निम्मा सेटच्या दुबळ्या रचनेचा. हॅमनी वरचे हार्मोनिक अडवणारे लो-पास फिल्टर बसवले. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८२ मध्ये कायदा करून घरगुती उपकरणं बाहेरच्या रेडिओ लहरींपुढे टिकाव धरतील असे निकष ठरवायचा अधिकार एफसीसीला दिला. युरोपने १९८९ च्या निर्देशात उपकरणाने गोंगाट करू नये आणि बाहेरच्या गोंगाटाने बिथरू नये अशा दोन्ही अटी एकत्र बांधल्या, आणि १९९६ पासून त्या सक्तीच्या झाल्या. म्हणजे ‘कालपर्यंत तुम्हीच’ हा टोमणा खरा असला तरी त्यातून निघणारा धडा टोमणा मारणाऱ्याला हवा तो नाही. तेव्हा प्रश्न सुटला तो वस्तूच्या रचनेतूनच.

मग नियम असताना हे दिवे बाजारात येतात कसे? एक वाट एफसीसीच्याच भाग १८ मधून जाते. या भागात रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या दिव्यांसाठी मेन्सच्या तारेत किती गोंगाट सोडायचा याच्या दोन मर्यादा आहेत. घरगुती उपकरणाला ३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये २५० मायक्रोव्होल्ट, बिगरघरगुतीला ३०००. बारापट. कारखान्याला सैल मर्यादा देण्यामागे तर्क आहे; कारखाना वस्तीपासून दूर असतो, तिथे शेजारी झोपलेला नसतो. पण बिगरघरगुती बॅलास्ट जेव्हा त्याच फळीवर, त्याच खोक्यात, घरी तंबू उभारून रोपं वाढवणाऱ्याला विकला जातो तेव्हा तो तर्क उरतो कुठे? अमेरिकन रेडिओ रिले लीग या हॅम संघटनेने २०१४ मध्ये एफसीसीकडे ग्रो लाइटच्या बॅलास्टविषयी प्रयोगशाळेतल्या मोजमापांसह तक्रार केली. या सगळ्या वादात हॅमच्या बाजूने झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे असं मला वाटतं, कारण ते बोट वापरणाऱ्याकडे न जाता मालाकडे आणि तो विकणाऱ्याकडे गेलं. दुसरी वाट स्वघोषणेची. युरोपात उपकरणावर सीई खूण (नियम पाळल्याची ग्वाही) निर्माता स्वतःच लावतो. चाचणीला गेलेल्या नमुन्यात चोक असतो. नंतरच्या मालात त्याची जागा रिकामी असते. खूण मात्र दोन्हींवर तीच.

हॅम मंडळींशीही दोन शब्द भांडायचे आहेत. ‘संकटकाळी आम्हीच उपयोगी पडतो’ हा हुकमाचा एक्का प्रत्येक वेळी टाकणं थांबवा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात एक हॅम पथक आधीपासून हजर होतं आणि त्याने संपर्काचं मोलाचं काम केलं, हे खरंच आहे. पण भूकंपानंतर वीज गेलेली असते, आणि वीज गेली की ग्रो लाइटही गेलेला असतो! आपत्तीच्या दिवशी गोंगाट आपोआप थांबतो. फटका बसतो तो आधीच्या वर्षांना, ज्यात माणूस ऐकायला, बोलायला, यंत्र ओळखायला शिकतो. मांडायचाच असेल तर मुद्दा असा मांडा, नाहीतर सोडून द्या. आणि तक्रार करण्यापूर्वी स्वतःच्या घराचा मेन स्विच पाडून, रिसीव्हर बॅटरीवर लावून ऐका. पुष्कळदा खलनायक स्वतःच्याच टेबलाखाली चार्जर बनून बसलेला असतो. केबलवर एखादा क्लिपचा फेराइट (गोंगाट दाबणारं चुंबकीय कडं) डकवून ‘उपाय केला’ म्हणणंही पुरे. शॉर्टवेव्हवर एका फेऱ्याने फारसं काही होत नाही, योग्य जातीच्या कड्यावर तार दहा-बारा वेळा गुंडाळावी लागते.

राहिला डिजिटल पद्धतींचा मुद्दा. २०१७ मध्ये आलेली एफटी८ ही पद्धत गोंगाटाच्या सुमारे २० डेसिबल खाली असलेला सिग्नल वाचते, यात वाद नाही. पण ती वाचते काय? १५ सेकंदांच्या फेरीत एक छोटासा ठोकळेबाज निरोप: तुझं नाव, माझं नाव, जागा किंवा सिग्नल किती. गप्पा नाहीत, आवाज नाही, मोर्सच्या हातातली लकब नाही. शिवाय शांत बँडवर हीच पद्धत वॅटच्या काही भागांत पृथ्वीच्या पलीकडे पोहोचते. गोंगाटात तिचं सगळं बळ शेजारच्या दिव्याशी झुंजण्यात खर्ची पडतं. दुसरे म्हणतात, रिसीव्हर दूर माळावर ठेवा आणि इंटरनेटवरून ऐका. ज्याच्याकडे माळ आहे तो ठेवेलच. इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेर तार सोडून शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीने काय करायचं? गोंगाट सगळ्यांना सारखा नडत नाही. जमीन असलेल्याला कमी, नसलेल्याला जास्त. हॅम रेडिओ म्हाताऱ्यांचा छंद झालाय असं म्हणणाऱ्यांनी तो तसा का झाला याची कारणं शोधताना हेही एक कारण मोजावं.

करायचं काय, हे खरं तर फार गूढ नाही. घरात वापरता येईल असा प्रत्येक दिवा घरगुती मर्यादेत बसलाच पाहिजे, खोक्यावर बारीक अक्षरांत काहीही छापलेलं असो. नियामकाने निर्मात्याने पाठवलेला नमुना न तपासता दुकानातून आणि ऑनलाइन गिऱ्हाईक बनून माल विकत घ्यावा आणि तो उघडून पाहावा. युरोपने जुलै २०२१ पासून अशी अट घातली आहे की या वर्गातल्या मालासाठी युरोपीय संघातच पत्ता असलेला, उत्तर द्यायला बांधील असा कुणीतरी असलाच पाहिजे. हे पाऊल इतरांनी उचलण्यासारखं आहे, कारण आज खरी पळवाट तिथेच आहे. गोंगाटाची तक्रार सिद्ध झाली तर दिवा विकणाऱ्याने तो स्वखर्चाने बदलून द्यावा, वापरणाऱ्याला नोटीस नको.

आणि हे होईपर्यंत हॅमला शेजाऱ्याची बेल वाजवायचीच असेल तर कायद्याचं कलम घेऊन जाऊ नये. तेवढ्याच प्रकाशाचा, तपासून घेतलेला शांत दिवा घेऊन जावा, बदलून द्यावा आणि जुना मागून घ्यावा. तो घरी आणून उघडावा, रिकाम्या जागेचा फोटो काढावा, मोजमापं घ्यावीत आणि बिलाच्या प्रतीसह नियामकाकडे पाठवावा.